दहाच्या मोटरीचं वल्हं

काकू, स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, वय 34. चार वर्षांमागं फुटबॉल खेळताना उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, चालणं-पळणं सुरू आहे, पण मांडी घालून बसता येत नाही आणि झटक्यात उठताही येत नाही. आमचा सहा जणांचा ग्रुप दिवाळीपासून एप्रिलपर्यंत महिन्यातनं एकदा आंबोलीमार्गे उत्तर गोव्याला सर्फिंगला जातो. बाकीचे बोर्डवर पालथं पडून हातानं पाणी मारत लाट धरतात आणि उडी मारून उभे राहतात. ती उडीच मला जमत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी सप घेतला, म्हणजे स्टँड-अप पॅडल, उभं राहून वल्ह्यानं चालवायचा बोर्ड. हवा भरायचा, साडेदहा फुटी. पाहुण्यांच्या शेततळ्यात सराव केला. आता चांगलं जमतंय.

आणि तिथंच बिघडलं. गेल्या खेपेला दोन तासांत मला 14 लाटा मिळाल्या, मावसभावाला 3. तो सगळ्यांसमोर ओरडला, ‘वल्हं घेऊन रंकाळ्यात जा की! हिथं काय काम तुझं?’ मी म्हटलं, लाट जिथनं फुटते त्या टोकाजवळ जो आहे आणि जो आधी उभा राहिला त्याची लाट, हा नियम तूच मला शिकवलास. मी एकदाही नियम मोडला नाही. त्याच दिवशी माझा बोर्ड सुटून एका शिकाऊ पोरीच्या खांद्याला लागला, पण लीश बांधलेली होती आणि तिला फार काही झालं नाही. (लीश म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी.) परतीच्या वाटेवर गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. आता व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘वल्हं वगळून’ केलंय. मी बाहेर पडलो. डिसेंबरची ट्रिप ठरतीय. आईला आणि मावशीला यातलं काही माहीत नाही. दोघी विचारतात, पोरं रविवारी एकत्र जेवायला का येत नाहीत? काकू, माझं चुकलं का? आणि सप हे सर्फिंग नाही का?

तुमचा,
वल्हेवाला

वल्हेवाल्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. ‘वल्हं वगळून’ हे नाव ज्यानं ठेवलं तो पोरगा बेरकी आहे. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडखळले. त्याच्यावर येतेच, पण आधी तुझा शेवटचा प्रश्न उरकून टाकते, कारण तो सोपा आहे.

सप हे सर्फिंगच आहे. ‘ही होडी झाली’ असं मावसभाऊ म्हणाला तर त्याला सांग, हे भांडण मोठ्यांनी तुझ्याआधी करून झालंय. सप कुणाच्या ताब्यात, कनू-कयाकवाल्या जागतिक संघटनेच्या का सर्फिंगवाल्यांच्या, हा वाद स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला होता. 2020 च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. स्पर्धा दोघांनीही घ्याव्यात, पण ऑलिंपिकच्या पातळीवर सप सर्फिंगवाल्यांकडं. बांधाच्या वादात तलाठी देतो तसला निकाल, पण निकाल आहे.

आणि ही काही कालची टूमही नाही. हवाईतल्या वाइकिकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे ‘बीच बॉय’ गेल्या शतकाच्या मध्यापासून बोर्डवर उभे राहून होडीचं वल्हं मारायचे. उंचावरनं शिकाऊंवर नजर राहायची आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढता यायचे. पेरूतले कोळी पाणगवताच्या निमुळत्या होडक्यावर बसून हातात बांबूचं वल्हं घेऊन लाटेवरनं किनाऱ्याला येतात, ते तर कितीतरी जुनं. तेव्हा ‘खरं सर्फिंग’ आणि ‘खोटं सर्फिंग’ ही भाषा बंद. तुला गुडघ्यामुळं दुसरी वाट धरावी लागली, ती वाट आधीच मळलेली होती.

आता मुख्य गोष्ट. नियम मोडला नाहीस हे मला मान्य आहे. पण 14 आणि 3 हे आकडे मला कुणी विचारले नव्हते, ते तू आपणहून लिहिलेस. म्हणजे पाण्यात असताना तू मोजत होतास. स्वतःचे तर मोजलेसच, त्याचेही मोजलेस. मनात काहीतरी खटकत होतं म्हणूनच ना?

माझं माहेर भोगावतीच्या काठचं. आमच्या भावकीतल्या एकानं नदीवर दहाची, म्हणजे दहा हॉर्सपॉवरची, मोटर बसवली. बाकीच्यांच्या पाचच्या, फार तर साडेसातच्या. त्याच्याकडं परवाना होता, पाणीपट्टी वेळेवर भरलेली होती, लाइटची पाळीही सगळ्यांना सारखीच. पाणी नदीचं, नदी सगळ्यांची. एकही नियम त्यानं मोडला नव्हता. पण मार्च उलटला, बंधाऱ्यामागचं पाणी उतरलं, की त्याचा ऊस हिरवागार आणि खालच्या अंगाला आमच्या चुलत्याच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा. मोटर नुसती घरघर करायची. चुलते भांडायला गेले की तो कागद पुढं करायचा. कागद खराच होता. त्याच्या पोरीच्या लग्नात मात्र भावकीतलं कुणी वाढपाला उभं राहिलं नाही. पंगतीत आचाऱ्याची माणसं भात वाढत होती, एवढं मला चांगलं आठवतंय.

तुझं वल्हं ही दहाची मोटर आहे.

कशी ते सांगते, कारण बोर्डवर उभ्या असलेल्याला हे दिसत नाही. पालथं पडलेल्या माणसाची नजर पाण्याच्या वर वीतभर. त्याला पुढची लाट कळते ती जवळजवळ अंगावर आल्यावर. तू उभा, तुझी नजर साडेपाच फुटांवर. दूरवर पाण्याला एक गडद रेघ उठली की तुला कळतं, सेट आला, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटा. तो मान वर करेपर्यंत तू चार वल्ही मारून बाहेरच्या अंगाला पोचलेला असतोस. तुझा बोर्ड तुला उभं तरंगवतो, त्याचा त्याला नीट बसलेलाही पेलत नाही. तो दोन तळव्यांनी पाणी ओढतो, तू खांदा, पाठ, कंबर सगळं वल्ह्यावर टाकतोस. लाट अजून नुसता उंचवटा असते, फुटायच्या लांबच असते, तेव्हाच तुझी झालेली असते. ती त्याच्यापर्यंत येते तेव्हा तू तिच्यावर आधीच उभा. मग नियम म्हणतो, लाट वल्हेवाल्याची.

तो नियम ठरला पालथं पडून हात मारणाऱ्यांत. सगळ्यांची नजर त्याच उंचीवर, सगळ्यांचे हात कमी-जास्त तेवढेच लांब. तिथं ‘टोकाजवळचा, आधी उभा राहील तो’ हा न्याय होता. मोटरी सारख्या असतील तर लाइटच्या पाळीवर भागतं, तसं. तुमच्यात मोटरी सारख्या नाहीत.

त्यात तुम्ही जाता तो हंगाम. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीच बंद असते, तेव्हा तुमच्यासारख्यांनी पाण्याकडं बघायचंही नाही. दिवाळीनंतर तीच लाट कमरेएवढी होते, कधी गुडघ्याएवढी. मऊ, आळशी लाट. असल्या लाटेत आखूड बोर्डाला पुढं ढकलायला जोरच नसतो, तुझा लांबरुंद बोर्ड मात्र नुसत्या उतारावरही सरकतो. शिवाय वेळ थोडा. पहाटेचे मतलई वारे थांबल्यापासून खारा वारा सुटेपर्यंत, दहा-साडेदहापर्यंत काय पाणी नीट असेल तेवढंच. तुझा मावसभाऊ रात्रभर आंबोलीची वळणं घेत गाडी चालवतो ती त्या दोन-अडीच तासांसाठी. त्यात तीन.

तीन लाटा म्हणजे काय हे मला माहीत आहे. तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं, स्वतः पाठीला वाळका भोपळा बांधून पंचगंगेत शिकले, तेव्हा पन्नाशीत एकदा हौस म्हणून फोमच्या बोर्डवर पालथी पडले. सकाळभरात दोन लाटा मिळाल्या. बाकीचा वेळ हात मारणं, नाकातोंडात पाणी, पुन्हा हात मारणं. दुसऱ्या दिवशी हात वर करून वेणी घालता येईना, सुनेनं घातली. त्या दोन लाटांपैकी एक जरी कुणी उभ्या-उभ्या माझ्यासमोरनं नेली असती तर मी रंकाळ्याचं नाव घेतलं नसतं, त्याहून वाईट बोलले असते.

म्हणून तुझ्या ‘चुकलं का’चं उत्तर. हो, चुकलं. नियम पाळण्यात नाही, घेण्यात चुकलं.

हे फक्त तुझ्यापुरतं नाही. 1960 च्या दशकाच्या शेवटी सर्फिंगचे बोर्ड आखूड झाले, तेव्हापासून आखूडवाले लांबवाल्यांना हेच बोलत आलेत, की तुम्ही लांबूनच लाट धरता, आमच्यापर्यंत येऊच देत नाही. आता तेच लांबवाले वल्हेवाल्यांना बोलतात. कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे नावाचा प्रसिद्ध किनारा आहे, तिथं सपवाल्यांना किनाऱ्याचा वेगळा तुकडा ठरवून दिलाय. कबड्डीत रेघ मारतात तशी. आणि लाटेवरनं भांडण किती हाताबाहेर जातं ते बघायचं तर नॅट यंग बघ. 1966 चा जगज्जेता, ऑस्ट्रेलियात त्याचं नाव मोठं. 2000 साली घराजवळच्याच अँगौरीच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या भांडणातनं त्याला इतकं मारलं की चेहऱ्याची हाडं मोडली. तुमच्याकडं अजून फक्त ग्रुपचं नाव बदललंय.

आता ते वाक्य. ‘लीश बांधलेली होती आणि तिला फार काही झालं नाही.’

लाटांच्या हिशेबावर तू अर्धं पत्र लिहिलंस आणि ती पोरगी एका ओळीत आटोपलीस. माझ्या लेखी त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आणि मावसभावालाही बहुतेक हेच जास्त लागलंय, फक्त त्याच्या तोंडातनं ते लाटांच्या नावानं बाहेर पडलं. लीश बोर्ड हरवू नये म्हणून असते. समोरच्याला लागू नये म्हणून नव्हे. हिशेब कर. साडेदहा फुटांचा बोर्ड, दहा फुटांची लीश, वर लाटेनं ताणली तर आणखी. म्हणजे तू पडलास की तुझ्याभोवती वीस फुटांच्या आत जे डोकं असेल ते त्या बोर्डाच्या टप्प्यात. हवा भरायचा म्हणून मऊ समजू नकोस, पंधरा पीएसआय दाबाला फुगवल्यावर तो फळीसारखा टणक होतो, आणि खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखं कडक पातं, आहेच. आखूड बोर्डवाला लाट आली की बोर्डासकट पाण्याखाली बुडी मारतो आणि लाट डोक्यावरनं जाऊ देतो. तुझा बोर्ड बुडत नाही. फेसाची भिंत समोर आली की तू उडी टाकतोस आणि बोर्ड सोडून देतोस. तो किनाऱ्याकडं जातो, आणि किनाऱ्याकडं कंबरभर पाण्यात कोण असतं? शिकाऊ पोरं, पाठ करून उभी.

मला आणखी एक शंका आहे. हवेच्या बोर्डबरोबर बहुतेक वेळा लीश येते ती जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी, वेटोळ्यांची. तुझी तसलीच असणार. ती शांत पाण्यासाठी, म्हणजे तुझ्या शेततळ्यासाठी ठीक, पाण्यात लोंबत नाही. लाटेत ती स्प्रिंगसारखी ताणते आणि बोर्ड परत तुझ्याच तोंडावर आणते. लाटेसाठी सरळ लीश घे, बोर्डाएवढ्या लांबीची. पडायच्या आधी मागं बघायची सवय लाव. मागं माणूस असेल तर उडी मारायची नाही, गुडघ्यावर बसून फेस अंगावर घ्यायचा. गुडघा वाकत नसेल तर तेवढ्या पाण्यात जायचंच नाही. पडलास तर बोर्डाच्या समुद्राकडच्या अंगाला पड, आणि लगेच लीश बोर्डाला जिथं बांधली आहे तिथं, शेपटाशी, धर. वर येताना हात डोक्यावर. बाहेर जाताना शिकाऊंच्या मधनं घुसायचं नाही, लाट फुटत नाही त्या बाजूनं वळसा घालून जायचं, मग पन्नास वल्ही जास्त पडोत.

(जाता जाता, नदीत सप नेणाऱ्यांसाठी: वाहत्या पाण्यात घोट्याला लीश बांधू नका. झुडपात, बंधाऱ्याच्या बरग्यांत अडकली की पाण्याचा जोर घोट्यापर्यंत हात पोचू देत नाही. कमरेला, एका झटक्यात सुटणारी घ्या. आणि पंचगंगेला पूर असताना काठावर बसून भजी खावीत.)

त्या पोरीला फोन केलास का? पत्रात नाही, म्हणजे नसणार. नंबर ज्यांच्याकडं ती शिकत होती त्यांच्याकडनं मिळेल. खांदा कसा आहे विचार, डॉक्टरकडं गेली असेल तर खर्च विचार, तिच्या बोर्डाला पोचा पडला असेल तर भरून दे. ‘लीश होती’ हे शब्द त्या फोनमध्ये येऊ देऊ नकोस. हे मावसभावाशी बोलायच्या आधी कर. नंतर केलंस तर ते त्याला दाखवण्यासाठी केल्यासारखं होईल.

मावसभाऊही धुतल्या तांदळाचा नाही. ज्याच्या गुडघ्यात ऑपरेशन झालंय त्याला चारचौघांत ‘हिथं काय काम तुझं’ म्हणणं म्हणजे लाटेबद्दल बोलणं नव्हे. ते तुला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यानं ते बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पहिल्या पाच लाटांनंतर, चौदाव्यानंतर नव्हे. आणि त्याला एक प्रश्न विचार: लाटेच्या टोकाला तुम्ही पाचजण एकमेकांना हाका मारत ठिय्या देऊन बसता, तेव्हा तिथल्या स्थानिक पोरांना किती मिळतात? त्याच पाण्यात सकाळी रापणकर जाळं टाकून ओढत असतात. जाळं पाण्यात असताना त्या पट्ट्यात बोर्ड घालणारा वल्हेवाला असो वा पालथा, दोघंही सारखेच आगाऊ. कोल्हापूरची माणसं बाहेरगावी गेली की थोडी जास्तच मोकळी होतात, हे मी कोल्हापूरकर म्हणूनच सांगते.

डिसेंबरला जा. पण स्वतःवर उपसाबंदी लावून जा. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की पाटबंधारे खातं आदेश काढतं, इतके दिवस मोटरी बंद. तुला आदेश काढणारं कुणी नाही, म्हणून तूच काढायचा. सर्फिंगच्या मोठ्या स्पर्धांमध्ये हे कधीचं चालू आहे. तिथं लाट घेतली की तुझा हक्क संपला, पहिला हक्क दुसऱ्याचा, तू रांगेच्या शेवटी. एरवीच्या पाण्यात तसा नियम नाही, कारण कोण मोजत बसणार. पण तुला मोजता येतं हे आपण बघितलंच आहे. एक लाट घेतलीस की बाहेर ये आणि टोकापासून लांब, बाजूला थांब. तिथं जे पालथे पडलेत त्या प्रत्येकाला एकेक मिळू दे, मग पुढची घे. आणि सेटमधली पहिली लाट सोडून दे, कितीही देखणी असली तरी. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जिथं लाट फार मऊ म्हणून कुणीच थांबत नाही, तिथं तुझं राज्य. आखूड बोर्डवाल्याला ती निरुपयोगी, तुला पुरेशी. तिथं चाळीस घे.

उरलेल्या वेळात काय करायचं? मघाशी वाइकिकीचं बोलले, त्यातलाच एक किस्सा तुझ्यासाठी मागं ठेवला होता. तिथं आ चॉय नावाचं बीच बॉयचं घराणं होतं. त्यातल्या बॉबीला मोटार अपघातात दुखापत झाली. त्याला बोर्डवर गुडघे टेकून बसता येईना, पोहताही येईना. म्हणून तो बोर्डवर वल्हं घेऊन उभा राहायचा आणि लाटांच्या जागेवर जायचा. तिथं उभा राहून काय करायचा, तर लांबनं येणारी लाट दिसली की पाण्यातल्या बाकीच्यांना ओरडून सांगायचा, आली रे, मोठी आहे, तयार राहा. सपचा इतिहास सांगणारे त्याचं नाव आवर्जून घेतात.

तुला दिसतं ते तू आत्तापर्यंत एकट्यासाठी वापरलंस. डिसेंबरला सेट दिसला की ओरड. ‘तीन येतायत, दुसरी घे!’ पहिल्या दिवशी मावसभाऊ ऐकूनही न ऐकल्यासारखं करेल. तू ओरडत राहा. दुसरी लाट खरंच बरी निघाली तर तो मान वळवेल, बोलणार नाही, पण पुढच्या वेळी तुझ्याकडं बघून हात मारायला लागेल. तो कसा आहे ते मला माहीत नाही, पण पंचवीस फुटांवरनं कुणी खरी खबर देत असेल तर ती न घेणारा माणूस मी अजून बघितला नाही.

त्याच्याशी बोलायचं ते ग्रुपवर नाही. टाइप केलं की दोघंही वकील होता. गंगावेशीत दूध कट्ट्यावर रात्री बोलव, उभ्या-उभ्या पेला हातात असताना माणूस लांबलचक भाषण करत नाही. दोनच गोष्टी सांग. ‘14 जास्त झाल्या’ आणि ‘त्या पोरीचं माझं चुकलं, फोन केलाय’. रंकाळ्याचा विषय तू काढू नकोस. त्यानं काढला तर ऐक. नाही काढला तर समज, त्यालाही तो गिळायला जड जातोय. ‘नियम तूच शिकवलास’ हे वाक्य मात्र घरी ठेवून जा. खरं असलं तरी.

आईला आणि मावशीला काही सांगू नकोस. त्यांना कळलं तर भांडण तुमच्या दोघांत राहणार नाही, 1990 सालच्या कुठल्या तरी पैठणीपर्यंत जाईल. रविवारी तू आधी मावशीकडं जाऊन बस. मटण शिजतंय म्हटल्यावर तो किती वेळ बाहेर राहणार? पांढऱ्या रश्श्याची वाटी त्याच्याकडं सरकवायला वल्हं लागत नाही.

आणि एक राहिलं, जे तू विचारलंच नाहीस. शेततळ्यात सराव केलास म्हणतोस. शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही उतारावरनं वर चढू शकत नाही. पाय घसरून घसरून दमतो आणि काठापासून दोन हातांवर बुडतो. मी शिकवलेली पोरं मला येऊन दिमाखात सांगतात, काकू, शेततळ्यात पोहतो, आणि माझ्या पोटात गोळा येतो. तुझ्या पाहुण्यांच्या तळ्याला चारी बाजूंनी काठाला गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलाय का? लाइफ जॅकेट घालतोस का, का गोव्यालाच घालतोस? सोबत काठावर कुणी असतं का? लाटांचं नंतर कळव. हे आधी कळव.

तुझी,
काकू